पत्रेवाल्याच्या घरचे डक्ट

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि काकूंच्या घरातली निम्मी सकाळ उरकली होती. दूध तापलं होतं, खाटेवरची चादर बदलून झाली होती, जुनी बादलीत भिजत पडली होती, आणि आतल्या खोलीत काकू नवऱ्याची पाठ ओल्या फडक्याने पुसत होत्या. आधी खांदे, मग पाठीचा कणा, मग मान, मग कानामागे. कानामागे फडकं लागलं की ते मान आखडून घ्यायचे.

"गार आहे," ते म्हणाले.

"गार असावं म्हणूनच पुसतेय."

एवढ्यावर त्या दोघांचं सकाळचं बोलणं भागायचं. त्यांना श्वास पुरवून पुरवून वापरावा लागे, आणि समोरून उत्तर येत नसलं की काकूंनाही बोलायचा उत्साह राहत नसे. एके काळी या घरात एका वेळी दोघं बोलत आणि ऐकणारं कुणी नसे. आता ऐकायला वेळच वेळ होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

बेल होती, पण तिच्या आवाजाने ते दचकायचे, आणि दचकले की ढास लागायची. म्हणून काकूंनी बटणावर चिकटपट्टी मारून वर 'बेल दाबू नये' असा कागद लावला होता. तेव्हापासून लोक बेल सोडून दार बडवत, आणि ते तसेच दचकत.

"आलं वाटतं तुमच्या लाइनीतलं कुणीतरी," काकू म्हणाल्या. पाठीवर सदरा ओढून त्या फडकं हातात घेऊनच दाराकडे गेल्या.

दारात पंचेचाळिशीचा एक माणूस उभा होता. एका खांद्यावर घडीची शिडी, दुसऱ्या खांद्याला बॅग, आणि बुटांवर आधीच चढवलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या.

"मशीन बदलायचा अंदाज काढायला आलोय. फोन तुम्हीच केला होता ना?"

"चारदा केला होता. पाचव्यांदा तुम्ही उचललात."

"सीझन आहे, काकू," तो ओशाळून म्हणाला. सगळी इमारत त्यांना काकूच म्हणायची, हा न सांगताच म्हणाला, म्हणून काकूंना तो बरा वाटला.

मशीन बंद पडून त्या दिवशी अठरा दिवस झाले होते. हे मशीन म्हणजे काही एका खोलीचा डबा नव्हता. मागच्या गॅलरीत कपाटाएवढं एक धूड होतं, ते थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार हवा तयार करायचं, आणि छताखालून गेलेल्या पत्र्याच्या डक्टमधून ती हवा तिन्ही खोल्यांत आणि स्वयंपाकघरात जाळ्यांवाटे उतरायची. सव्वीस वर्षं ते चाललं. काकूंचे मिस्टर, म्हणजे सगळ्यांचे पत्रेवाले, आजारी पडल्यापासूनची चार वर्षं तर ते दिवसरात्र चालू होतं, कारण डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं: यांच्या छातीला गरमी चालायची नाही, गारठा चालायचा नाही, समोरून वाऱ्याचा झोत तर मुळीच नाही. खोली एकसारखी राहिली तर घरी राहतील. नाही राहिली तर शुश्रूषागृह.

शुश्रूषागृह शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दोन बस बदलायच्या आणि भेटायची वेळ चार ते सहा. मुलगा बाहेरगावी असे. त्याने फोनाफोनी करून तिथली एक खाट शनिवारपर्यंत धरून ठेवली होती. आज बुधवार होता. उन्हाळा दाराशी आला होता आणि हा माणूस आता जो आकडा लिहिणार होता, त्यावर पत्रेवाले कुठे राहणार ते ठरायचं होतं.

"घरात माणसं किती?" त्याने हातातल्या टॅबवर बोट टेकवलं.

"दोन. एक पायावर, एक खाटेवर."

"घराची कुठली बाजू तापते?"

"ते माझ्या मिस्टरांना विचारा. त्यांना या घराचा ताप पाठ आहे. अडतीस वर्षं तुमचंच काम केलंय त्यांनी."

अंदाजवाला आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी जरा थबकला. खाटेवरच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलंच नाही, त्याच्या कमरेला लटकलेल्या टेपकडे पाहिलं.

"टेप कुणाचा?"

"कंपनीचा, काका."

"टोकाचा आकडा ढिला झालाय." त्यांनी श्वास घेतला. "पाव इंच खातोय."

अंदाजवाल्याने टेपचं टोक हलवून पाहिलं. आकडा खरंच डुगडुगत होता. त्याने मुकाट्याने टेप कमरेला परत अडकवला आणि बॅगेतून लाल ठिपका पाडणारं यंत्र काढलं. ठिपका एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उडाला आणि मीटर-सेंटिमीटर आपोआप उमटले. पत्रेवाल्यांनी त्या ठिपक्याचा पाठलाग केला तो भिंतीवरून छतापर्यंत. मग डोळे मिटून घेतले.

त्यांचं मोजमाप आयुष्यभर वेगळंच होतं. ते वीत लावायचे. ताणलेली वीत बरोबर नऊ इंच, आणि लग्नात काकूंच्या बापाने विचारलं, "मुलगा काय कमावतो?" तर यांच्या मामांनी सांगितलं होतं, "नऊ इंच हात आहे, चुकत नाही." काकूंच्या बापाला त्यातलं काही कळलं नाही. पण ठामपणा आवडला. सतराव्या वर्षी ते एका पत्र्याच्या कारखान्यात झाडू मारायला लागले, विसाव्या वर्षी कात्री हातात आली, पंचविशीत त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या तीन मजल्यांचे डक्ट वाकवले. पत्रा कापताना ते जीभ दातांत धरायचे. कानामागे पेन्सिल, आणि पेन्सिल हरवली म्हणून घरभर शोधाशोध, ती कानामागे असतानाच. दहा बोटांवर मिळून एकवीस वण होते. मुलगा लहानपणी ते मोजत मोजत झोपायचा.

डक्टला आतून मऊ अस्तर लावतात, आवाज दबावा म्हणून. त्या अस्तराची धूळ तीस वर्षं त्यांच्या नाकातोंडात गेली. तोंडाला फडकं बांधायला सांगितलं तर म्हणायचे, फडकं बांधून शिट्टी वाजवता येत नाही. शिट्टी वाजवल्याशिवाय त्यांना पत्रा वाकवता येत नसे. खोकला सुरू झाला तेव्हा शिट्टी आधी गेली, काम मागून.

स्वतःच्या घरात मात्र त्यांनी अस्तराचा चिंधीएवढा तुकडासुद्धा लावला नव्हता. "माझ्या पोराच्या डोक्यावर ती घाण नको," म्हणाले आणि कोरे पत्रे बसवले. त्याचा परिणाम असा झाला की मशीन बंद असलं की त्या घरात एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत, शेजारी बसून बोलावं तसं उतरायचं. मुलगा आतल्या खोलीत पुटपुटला तरी स्वयंपाकघरात समजायचं की अभ्यास चाललेला नाही. काकूंनी त्याचा उपयोगही करून घेतला. जेवायची हाक त्या जाळीत तोंड वर करून मारायच्या. पाहुणे आले की मात्र पंचाईत. मग घरात एक रिवाजच पडला, जाळीखाली खासगी बोलायचं नाही. एकमेकांच्या बहिणीभावांबद्दल बोलायचं असलं तर न्हाणीघरात जायचं, तिथे जाळी नव्हती. आणि भांडायचं असलं तर मशीन सुरू व्हायची वाट पाहायची. त्याची घरघर सुरू झाली की कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही. काकू कितीदा तरी दात आवळून म्हणाल्या असतील, "मशीन सुरू होऊ दे, मग सांगते." आणि मशीन सुरू होईपर्यंत निम्मा राग उतरलेला असायचा.

चार वर्षं मशीन अखंड चालू राहिलं आणि तो रिवाज हळूहळू मोडला. घरघरीच्या आड काकू स्वयंपाकघरात हवं ते बोलायला लागल्या, फोनवर, भांड्यांशी, स्वतःशी.

अंदाजवाल्याने घरातल्या बोळात शिडी उघडली. बोळाच्या अर्ध्या भागात माळा होता, उरलेल्या भागातून डक्ट गेला होता. त्याने झाकण काढून आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. काकू खाली शिडी धरून उभ्या राहिल्या.

"काकू, हे कुणी केलंय?"

"का? पडतंय की काय?"

"पडतंय कसलं. सव्वीस वर्षांचं काम ना हे? एक सांधा उघडलेला नाही. हाताने घडी मारलेली आहे, एकसारखी. आम्ही आता चिकटपट्टी लावतो आणि निघतो." त्याने आतून बोटांनी टकटक केलं. तो आवाज आतल्या खोलीत उतरला असणार, कारण तिथून खोकल्याचा आवाज तसाच वरून आला. "पेन्सिलीच्या खुणासुद्धा आहेत अजून."

"त्यांनीच केलंय," काकू म्हणाल्या, आणि खूप दिवसांनी त्यांच्या आवाजात जरा ऐट आली.

मग तो मोजायला लागला. लाल ठिपका काढला, ढिला टेपही काढला, एकदा ठिपक्याने मोजलं, एकदा टेपने. खाली उतरला तेव्हा त्याच्या केसांत धुळीचा एक गोळा होता आणि चेहरा पडलेला होता. काकूंनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ठेवला. तो टॅबवर बराच वेळ बोटं फिरवत राहिला. स्वयंपाकघरात आता दुसरा आवाज नव्हता. फ्रिजसुद्धा त्या क्षणी थांबला होता.

"खरं सांगू का, काकू?"

"खोटं सांगायला तुम्हाला बोलावलं असतं तर फोनवरच सांगितलं असतं तुम्ही."

"मशीन आपलं आपण गेलेलं नाही. डक्टने मारलंय त्याला. या घराला, या मशीनला, डक्टची उंची दहा इंच पाहिजे. हा आठ इंच आहे. दोन इंच कमी. हवा पुढे जातच नाही, मशीन ढकलत राहतं. सव्वीस वर्षं ते बिचारं दम लागल्यासारखं चाललंय. आताची मशीनं तेवढी दणकट नसतात, नवीन बसवलं तर ते तीन-चार वर्षांतच असं मरणार. कंपनी गॅरंटी द्यायची नाही."

"पण ते चुकायचे नाहीत हो," काकू म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या इमारतींत बोटभर चूक केली नाही त्यांनी."

"दुसऱ्यांच्या इमारतीत वर तपासणारा असतो. घरचं काम कोण तपासतं?" तो म्हणाला. त्याला ते टोचून बोलायचं नव्हतं, पण बोलून गेला. "तर, डक्ट सगळे उतरवायचे, माळा पाडायचा, डक्टखालचं छत नवीन, मशीन नवीन. हा पूर्ण अंदाज." त्याने टॅब काकूंकडे वळवला.

काकूंनी आकडा पाहिला. मोठे आकडे त्यांना आता पेन्शनच्या महिन्यांत मोजायची सवय झाली होती. हा चौसष्ट महिन्यांचा होता.

"आणि नुसतं मशीन?"

"जुन्या डक्टवर? अठ्ठावीस महिन्यांत फेडता येईल असा हप्ता..."

"हप्त्याचं सोडा, आकडा सांगा."

त्याने सांगितला. एकोणीस महिने. काकूंकडे नऊ होते, त्यातले दोन औषधांचे. मुलगा कंत्राटावर होता, औषधांपुरते आधीच पाठवत होता. बँकेतल्या मुलीने मागच्याच आठवड्यात दोघांची वयं विचारली होती आणि फॉर्म परत ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

"एका खोलीपुरतं छोटं काही?"

"आतल्या खोलीला बाहेरची भिंतच नाही. मशीन गरम हवा टाकणार कुठे? गॅलरी गाठायची तर मधल्या तीन भिंती फोडायच्या."

"त्यांना पुढच्या खोलीत हलवलं तर?"

"पुढची भिंत रस्त्यावरची. खाली फळ्यावर वाचलं मी येताना, दर्शनी भागावर काही टांगायला मनाई." त्याने कप खाली ठेवला. "मी उगाच आशा लावत नाही, काकू. माझं काम अंदाज द्यायचं आहे. काही घरांना मी सांगतो की थोडं थांबा, सीझन संपला की सवलत असते. तुम्हाला थांबा म्हणून सांगायला जीभ रेटत नाही."

काकूंनी मान हलवली. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं, त्यावर झाकण नव्हतं. त्यांनी झाकण ठेवलं. मग ते उगाच सरळ केलं.

"म्हणजे शनिवारच," त्या म्हणाल्या. "मुलाला कळवते, खाट पक्की कर म्हणून. यांना सांगितलेलं नाही अजून काही. तपासणीला नेतोय म्हणून न्यायचं ठरवलंय आम्ही. तिथे पोचल्यावर डॉक्टर सांगतील." त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, पातेल्याकडे बघत होत्या. "तुम्हाला कशाला सांगतेय मी हे. माझ्याच्यानं होत नाही आता, एवढंच. रात्री त्यांची छाती वाजली की मी उठून बसते आणि मोजत राहते."

अंदाजवाल्याने टॅब पालथा ठेवला. असं बोलणं त्याला घराघरांत ऐकावं लागत असणार. छताखालचं झाकण उघडायला तो जायचा आणि माणसं आपलीच झाकणं उघडून बसायची.

वरच्या जाळीतून आवाज आला. टण, टण.

पत्रेवाल्यांच्या हाताशी एक स्टीलचा चमचा असे. काही हवं असलं की ते तो खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायचे. मशीन चालू असताना तो आवाज मुश्किलीने यायचा, काकूंना दर थोड्या वेळाने जाऊन डोकावावं लागे. मशीन बंद पडल्यावर या एका गोष्टीचं काकूंना बरं वाटलं होतं, की चमचा आता जाळीतून स्पष्ट ऐकू येतो. चमचाच काय, त्यांनी कूस बदलली तरी कळतं.

"पाणी हवं असेल," म्हणत त्या आत गेल्या.

पाणी नको होतं. "त्याला बोलव," ते म्हणाले.

अंदाजवाला येऊन खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. निळ्या पिशव्या अजून पायांत होत्या, त्यांचा चुरचुर आवाज झाला.

"आठ मोजलेस?" पत्रेवाल्यांनी विचारलं.

"आठच आहे, काका."

"बरोबर आहे." ते थांबले. श्वास आत गेला, बाहेर आला, त्याची वाट दोघांनी पाहिली. "दहाचे केले होते मी. आधी. पूर्ण बसवले होते."

काकू फडक्याची घडी करत होत्या, त्यांचा हात थांबला.

"ही खाली उभी राहिली. पोरगं कडेवर. वर बघितलं." पुन्हा श्वास. "म्हणाली, अगदी डोक्यावर बसल्यासारखं वाटतंय हो. जीव गुदमरतो."

"मी?" काकू म्हणाल्या.

"तूच. दुसरी कोण उभी होती?" त्यांच्या ओठांच्या कडेला जरासं हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग खोकला. तो ओसरेपर्यंत काकू त्यांची पाठ धरून उभ्या होत्या. "उतरवले. रविवार होता. दोन इंच काढले, खालचं छत वर घेतलं. रुंद केले असते. तर तिथे माळा हवा होता. तोही हिलाच."

अंदाजवाल्याने खाली बघितलं.

"मला कळत नव्हतं होय? पत्रेवाला आहे मी." ते म्हणाले. "म्हटलं, चालेल. ढकलेल मशीन. चाललं की सव्वीस वर्षं."

काकूंना तो रविवार आठवत नव्हता. त्यांनी खूप शोधला. कडेवरचं मूल आठवलं, छताखाली पडलेला पत्र्याचा कीस आठवला, त्यावर पाय पडू नये म्हणून चपला घालून केलेला स्वयंपाक आठवला. पण आपण वर पाहून काही बोललो होतो, हे आठवलं नाही. माळ्यावर काय आहे तेही त्यांना नीट सांगता आलं नसतं. एक गादी, मुलाच्या शाळेतल्या वह्या, एक तुटलेला पाळणा, आणि कधी लागतील म्हणून ठेवलेले रिकामे डबे. ते कधी लागले नव्हते. दोन इंच आणि एक माळा त्या सव्वीस वर्षांपूर्वी मागून बसल्या होत्या, आणि ते मागणं आज शनिवारपर्यंत येऊन पोचलं होतं.

"मला बोलला असतात तर," त्या म्हणाल्या. "मी राहिले असते की वाकून."

"तुला वाकून राहता येत नाही," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की कौतुक, ते काकूंना इतक्या वर्षांनीही कळलं नाही.

अंदाजवाल्याच्या मात्र दुसरंच काही डोक्यात आलं. तो काकांकडे आणि दाराकडे आळीपाळीने पाहत म्हणाला, "काका, आम्ही तर स्वयंपाकघरात बोलत होतो. आठ इंच म्हणालो, ते तुम्हाला कसं कळलं?"

पत्रेवाल्यांनी एक बोट वर केलं. खाटेच्या बरोबर वर, त्यांच्या उशीच्या वर, जाळी होती. जाळीच्या पट्ट्या तिरप्या होत्या आणि त्यांच्यामागे काळोख होता.

"सगळं येतं," ते म्हणाले. "अठरा दिवस."

ते काकूंकडे पाहत नव्हते. तेवढी मेहेरबानी त्यांनी केली.

काकू खाटेच्या कडेला टेकल्या. चमचा इकडून तिकडे स्पष्ट ऐकू येतो म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. जी वाट इकडून तिकडे जाते ती तिकडून इकडेही येते, एवढं साधं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या, ज्यांनी वीस वर्षं पोराला जाळीखाली जपून बोलायला शिकवलं. अठरा दिवसांतलं एकेक बोलणं त्यांच्यापुढे येऊन उभं राहिलं. मुलाला केलेले फोन. खाट चांगली आहे का, खिडकीजवळची मिळेल का. तपासणीचं ठरवलेलं निमित्त, आणि ते त्यांना खरं वाटावं म्हणून कुठली पिशवी घ्यायची नाही त्याची चर्चा. दुपारी नळ सोडून ओट्याशी उभं राहणं. नळाचा आवाज दारातून जायचा, हुंदके वरून. नणंदेला म्हटलेलं, 'सुटतील बिचारे एकदा'. आणि आत्ता, चहाच्या कपाशेजारी बसून परक्या माणसापुढे म्हटलेलं.

आणि या अठरा दिवसांत पत्रेवाल्यांनी सकाळी पाठ पुसून घेताना फक्त एवढंच म्हटलं होतं की गार आहे.

"अहो," काकू म्हणाल्या. 

"शनिवारचं ठीक आहे," ते म्हणाले. "पिशवी घे. चोरून कशाला. चष्मा टाक तीत. तिथे वाचायला काही नसेल, पण टाक."

खोलीत ऊन आलेलं नव्हतं, तरी हवा जड व्हायला लागली होती. दहा वाजले की ती अशी व्हायची. त्यांच्या कपाळावर घाम जमला आणि काकूंनी सवयीने फडकं उचललं, पण ते आता कोमट झालं होतं. त्याचीच कोरडी कड शोधून त्यांनी कपाळ टिपलं.

अंदाजवाल्याने टॅब बॅगेत टाकला. "काका, अंदाजाचे मी काही पैसे लावत नाही," तो म्हणाला. "कागद पाठवतो, ठेवा जवळ. काही इलाज निघाला तर." निघणार नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. त्याने जाळीकडे पाहिलं, मग परत खाटेकडे. जायला हवं होतं, सीझन होता, खाली दुसरे पत्ते वाट पाहत होते. पण त्याचा पाय निघेना. "काका, माझ्याकडून दुसरं काही होण्यासारखं असेल तर सांगा. डक्टचं नाही, मशीनचं नाही. असंच काही."

पत्रेवाले जाळीकडे बघत राहिले. आपलंच काम ते तपासत असावेत असं वाटलं.

"तिथे आत झडप आहे," ते म्हणाले. "एका खोलीची हवा तोडायला ठेवली होती. कधी लावली नाही. डाव्या हाताला स्क्रू आहे, रंगाने धरला असेल."

"असेल. सुटेल तो," अंदाजवाला म्हणाला.

काकूंच्या लक्षात आलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. "अहो, नको. ती लावली तर तुमचा चमचा मला ऐकू यायचा नाही."

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "अधूनमधून येत जा."

"मी बाहेर जाऊन बोलेन. न्हाणीघरात जाऊन बोलेन, पूर्वीसारखी."

त्यांनी काकूंच्या मनगटावर हात ठेवला. वणांनी भरलेली ती बोटं अजून खरखरीत होती, फक्त त्यांच्यात जोर नव्हता. बराच वेळ श्वास साठवल्यावर ते अंदाजवाल्याकडे वळले, आणि कामावर हाताखालच्या माणसाला सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाले,

"शिडी आणलीच आहेस. माझ्या डोक्यावरची ती झडप तेवढी बंद करून जा. हिला घरात मोकळं बोलता येऊ दे."